क्रूझ कोचीला थांबणार, हातात जेमतेम सहा तास, सोबत सासू-सासरे. काय बघावं?

इंदिरानगरची_सून
नमस्कार मंडळी, मदत हवीये. सासरे रिटायर झाले म्हणून मुंबईहून निघणारी क्रूझ बुक केलीये, आम्ही दोघं, सासू-सासरे आणि आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव. जहाज एक दिवस कोचीला लागतं, सकाळी पोचतं आणि संध्याकाळी सुटतं, उतरायची-चढायची रांग वगैरे धरली तर सहा तास मोकळे मिळतील असं वाटतंय. जहाजावरचीच एक टूर आहे अलेप्पीच्या हाऊसबोटीची पण माणशी पैसे बघून डोळे पांढरे झाले. नवरा म्हणतो टॅक्सी करून लुलू मॉलला जाऊ, एसी आहे. सासऱ्यांना इतिहासाचं वेड आहे, पेशव्यांपासून पोर्तुगीजांपर्यंत काहीही विचारा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने नकोत. आणि दोघं पक्के शाकाहारी. कोणी गेलंय का तिकडे? आपलं आपण फिरता येतं का की टूरच घ्यावी?

पंचवटीतला_पक्या
ताई पहिला प्रश्न, वार कोणता आहे ते सांगा. कोचीत वारावर फार अवलंबून आहे.

बाकी अलेप्पी सोडून द्या. पन्नास-पंचावन्न किमी आहे एका बाजूला, रस्त्याला ट्रॅफिक असतं, जाऊन-येऊन तीन तास गाडीतच जातील आणि हाऊसबोटीत बसल्यावर निम्मं लक्ष घड्याळाकडे राहणार. हाऊसबोट ही रात्र काढायची गोष्ट आहे, कधीतरी वेगळी ट्रिप करा. आणि मॉल... दादांना सांगा आपल्या नाशकात लव्हाटे नगरला सिटी सेंटर मॉल आहे, त्याला समुद्रातून जावं लागत नाही 😀

जहाज लागतं ते विलिंग्डन आयलंडला. तिथून फोर्ट कोची आणि मट्टनचेरी ही दोन जुनी गावं एका पुलापलीकडे आहेत, रिक्षाने अर्धा तास धरा. सहा तासांत ही दोनच करायची. खरं सांगायचं तर एकच नीट केलं तरी पुष्कळ झालं.

इंदिरानगरची_सून
थँक्यू दादा. शुक्रवार आहे.

पंचवटीतला_पक्या
अरेरे. मग मट्टनचेरी पॅलेस गेला, तो शुक्रवारी बंद असतो. ज्यू टाऊनमधलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी तर बंदच, पण शुक्रवारीसुद्धा त्याच्या भरवशावर बसू नका, कारण ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र सुट्टीचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. हे दोन्ही कोचीचे हुकमी एक्के. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी दारावर कुलूप बघून मूड जायला नको.

सिन्नरचा_खलाशी
मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, कोचीला येणं-जाणं असायचं, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक, वेळ. जहाज सुटायची वेळ आणि तुम्ही परत जहाजावर असायची वेळ या वेगळ्या असतात, दुसरी त्या दिवसाच्या कागदावर छापलेली असते किंवा गँगवेजवळ, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेशी, बोर्डावर लिहिलेली असते, तीच धरा. जहाजाच्याच टूरवर असाल आणि बस अडकली तर बहुतेक वेळा थांबतात. आपलं आपण फिरायला गेलात तर पंचवटी एक्स्प्रेससारखं आहे, धावत या नाहीतर हात हलवा. त्यामुळे परतीला एक तास जास्तीचा ठेवा, पुलावर गर्दी होते. बंदराच्या गेटवर सीआयएसएफचे जवान तपासतात, तिथे क्रूझ कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दोन्ही लागेल, पाचही जणांचं, पोराचंही घ्या.

दुसरं, तुमच्या सासऱ्यांसाठी. ते ज्या बेटावर उतरणार आहेत ते बेटच माणसाने बनवलेलं आहे. कोचीच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता, मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून थांबायची आणि माल होड्यांनी आत यायचा. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर १९२० ला तिकडे आला, त्याने तो बांध कापला, गाळ उपसला, आणि उपसलेला गाळ टाकून टाकून विलिंग्डन बेट उभं केलं. १९२८ साली 'पद्मा' नावाचं जहाज पहिल्यांदा आतल्या बंदरात आलं. म्हणजे तुमचं जहाज ज्या पाण्यातून आत येणार ती वाट खोदून काढलेली आहे. आणि बंदर मुळात तयार झालं तेही एका पुरामुळे असं मानतात, १३४१ मध्ये पेरियार नदीला प्रचंड पूर आला, जुनं मुझिरिस बंदर गाळाने भरलं आणि इकडे कोचीला समुद्राचं तोंड मोठं झालं. त्याआधी कोची म्हणजे काही फार मोठं गाव नव्हतं. हे मनात ठेवून फिरलात की पॅलेस बंद असल्याचं एवढं वाईट वाटत नाही, बघायची खरी गोष्ट बंदरच आहे आणि ते शुक्रवारी बंद नसतं.

जुन्या_नाशकातली
खलाशीदादांशी पूर्ण सहमत. मी थोडं रस्त्यावरचं सांगते, माझी बहीण तिकडे नोकरीला होती त्यामुळे भरपूर पायपीट झालीये.

सकाळी उतरल्यावर रिक्षा करून थेट सेंट फ्रान्सिस चर्च गाठा. सपाट आहे, जिने नाहीत, सासूबाईंना बाकावर बसता येईल, आत छताला जुने कापडी पंखे टांगलेत जे बाहेरून दोरीने ओढायचे. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे पहिलं चर्च लाकडाचं बांधलं होतं, नंतर दगडी झालं. वास्को द गामा १५२४ ला कोचीतच वारला आणि इथेच पुरला होता, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले पण थडग्याची शिळा अजून आहे. मला जास्त आवडते ती त्या इमारतीची फिरती मालकी. आधी पोर्तुगीजांचं कॅथलिक, १६६३ मध्ये डचांनी कोची घेतल्यावर त्यांचं प्रोटेस्टंट, १७९५ ला इंग्रज आले तेव्हा अँग्लिकन, आता चर्च ऑफ साउथ इंडियाचं. अख्खा इतिहास एका हॉलमध्ये, सासरे खूष होतील बघा.

मग चालत बाहेर समुद्राकडे या, पाच-सात मिनिटांवर ती मासे पकडायची मोठी चिनी जाळी. जवळच सांताक्रूझ बॅसिलिका आहे, आताची इमारत १९०५ ची, आतून छान रंगवलेली, वेळ असेल तर जा. नसेल तर राहू द्या.

आणि आता माझी आवडती गोष्ट. मट्टनचेरीत चेरलाई म्हणून भाग आहे, तिथे कोंकणी लोकांची जुनी वस्ती आणि तिरुमल देवस्थानाचं मोठं देऊळ आहे. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाल्यावर खाली सरकत सरकत आलेली सारस्वत मंडळी, अजून घरात कोंकणी बोलतात. तुम्ही हळू मराठीत बोललात तर बरंच समजतं त्यांना. डचांच्या काळात व्हान ऱ्हेडे नावाच्या गव्हर्नरने मलबारच्या झाडापाल्यावर 'होर्तुस मलाबारिकुस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र कोंकणीत आहे, आणि नागरी लिपीत! १६७८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलंय ते. शिवाजी महाराज हयात असताना तिकडे युरोपात आपल्या लिपीतला मजकूर छापला जात होता, मला तर हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

द्राक्षवाला_दिंडोरी
सगळे गोडगोड बोलताय म्हणून मी जरा कडू बोलतो. चिनी जाळ्यांचं फार कौतुक करू नका. फोटोत दिसतात तेवढी आता उरलेली नाहीत, काहींची लाकडं खराब झालीत, किनाऱ्यावर पाणवनस्पती आणि प्लास्टिक अडकलेलं असतं. जाळं ओढणारे "या, हात लावा, ओढा" म्हणतात आणि मग पैसे मागतात. द्यायला हरकत नाही, बिचाऱ्यांना मासळीपेक्षा तेवढंच जास्त मिळत असेल, पण आधी माहीत असावं. पोराला मात्र मजा येईल, मोठमोठे दगड दोरीला वजन म्हणून बांधलेले असतात आणि चार-सहा माणसं मिळून अख्खा सांगाडा वर-खाली करतात, तराफ्याचं गणित समोर दिसतं.

रिक्षावाल्यांचंही सांगतो, एखादा म्हणेल शंभर रुपयात सगळं फिरवतो, फिरवतो पण मधे मधे दोन-तीन मसाल्याच्या आणि हस्तकलेच्या मोठ्या दुकानांत नेतो, तिथे त्याला काहीतरी मिळतं. सरळ सांगायचं दुकान नको, दोन पैसे जास्त घे.

आणि पॅलेस बंद तर बंद, पण मट्टनचेरी सोडू नका. ज्यू टाऊनपासून बाजार रोडने चालत गेलात की जुनी गोदामं आहेत, सुंठ, मिरी, वेलची, वास नाकात बसतो. काळ्या मिरीचा वायदेबाजार इथेच चालायचा. एका गोदामात कांद्याच्या पोत्यांवर नाशिक वाचून मला इतकं बरं वाटलं, बायको म्हणाली इथेही भाव विचारणार का 😂 विचारला. सांगत नाही किती होता, इथल्या शेतकऱ्यांना त्रास होईल.

पंचवटीतला_पक्या
तराफा नाही हो भाऊ, तरफ. तराफ्यावर बसून पोरगं समुद्रात जाईल.

द्राक्षवाला_दिंडोरी
फोन स्वतःच शब्द बदलतो 🙏

इंदिरानगरची_सून
हसून हसून पुरेवाट. सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला, ते होर्तुस का काय त्याच्यावरच अडकलेत, आता नेटवर शोधत बसलेत. दोन शंका. जेवणाचं काय? आणि पॅलेस-सिनेगॉग दोन्ही नाही म्हटल्यावर मट्टनचेरीला सासूबाईंना किती चालावं लागेल?

जुन्या_नाशकातली
जेवणाची काळजी नको. मट्टनचेरीत गुजराती लोकांची वस्ती आहे, गुजराती रोडच म्हणतात त्याला, व्यापारासाठी कित्येक पिढ्यांपासून आलेले. तिथे शाकाहारी जेवण मिळतं. तिथलंच धर्मनाथ जैन मंदिर बघा, दुपारी बाराच्या सुमारास कबुतरांना दाणे घालतात, शेकडो एकदम खाली उतरतात, पोराला जाळ्यांपेक्षा हेच लक्षात राहील. फोर्ट कोचीत अप्पम आणि व्हेज स्टू सहज मिळतो, फक्त विचारून घ्या की व्हेज आहे ना, आणि खोबरेल तेलाची फोडणी असते, सासूबाईंना वासाची सवय नसेल तर आधीच सांगून ठेवा. चहा काळा हवा असेल तर कट्टन चाया म्हणायचं. केळ्याचे वेफर्स समोर तळून देतात तिथूनच घ्या.

चालायचं म्हणाल तर ज्यू टाऊनची गल्ली अरुंद आहे पण छोटी आहे आणि सपाट. सिनेगॉग बंद असलं तरी त्याचा घड्याळाचा मनोरा गल्लीतून दिसतो, सिनेगॉग १५६८ चं आणि मनोरा १७६० चा. इस्रायल झाल्यावर बहुतेक ज्यू कुटुंबं निघून गेली, आता तिथे बहुतेक दुकानंच आहेत, म्हणून ती गल्ली बघताना मला नेहमी जरा विचित्र वाटतं. आतल्या निळ्या चिनी फरशा राहतील तुमच्या, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. आणि पॅलेस चुकला म्हणून सासूबाईंसाठी फार हळहळू नका, वर जायला जिना चढावा लागतो. सासऱ्यांचं मात्र नुकसान आहे, राजाच्या शयनघरातली रामायणाची भित्तिचित्रं खरंच सुंदर आहेत. पोर्तुगीजांनी बांधून राजाला भेट दिलेला वाडा, डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव पडलं डच पॅलेस. पोर्तुगीजांचं नावच गेलं.

एक लक्षात ठेवा, शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत बाजारातली बरीच दुकानं थोडा वेळ बंद होतात. म्हणून खरेदी करायची असेल तर आधी मट्टनचेरी आणि मग फोर्ट कोची, असं उलटंही करू शकता. जैन मंदिराची कबुतरंही त्यात बसतात. चर्च नंतर केलं तरी चालतं.

पंचवटीतला_पक्या
हो, उलटंच करा, मलाही हे जास्त पटलं. फक्त मग चर्चनंतर परतीचा रस्ता लांबचा पडतो, तो एक तास आधीच बाजूला काढा.

वॉटर मेट्रोचंही सांगून टाकतो, कोणीतरी सुचवेलच. २०२३ ला सुरू झाली, बॅटरीवर चालणाऱ्या एसी बोटी, हायकोर्ट ते फोर्ट कोची वगैरे. भारी आहे, स्वस्त आहे, पण तिकिटाला रांग असते आणि तुमच्याकडे रांगेत घालवायला वेळ नाही. पोराला बोटीत बसायचंच असेल तर फोर्ट कोचीहून व्हायपीनला जाणारी रो-रो पकडा, गाड्या आणि माणसं एकत्र नेणारी, काही मिनिटांत पलीकडे, तिकीट अगदी किरकोळ. लगेच परतीची घ्या. त्या पाण्यातून सगळी जहाजं आत-बाहेर जातात.

सिन्नरचा_खलाशी
रो-रोचं बेस्ट सांगितलंत. आणि ताई, जहाज सुटताना जेवायच्या रांगेत उभं राहू नका, सगळे तेच करतात. डेकवर डाव्या बाजूला जागा धरा. बंदरातून बाहेर पडताना फोर्ट कोची डावीकडे येतं, उजवीकडे व्हायपीन. दिवसभरात ज्या किनाऱ्यावरून फिरलात तो वरून दिसतो आणि सासऱ्यांना दाखवता येईल की किल्ला कुठे होता, पोर्तुगीजांचा फोर्ट इमॅन्युएल, आता नुसते थोडे अवशेष उरलेत. जहाजाला बंदरातून बाहेरची वाट दाखवणाऱ्या पायलटला पायलट बोट शिडीवरून उतरवून घेते ते थोडं पुढे समुद्रात गेल्यावर, चालत्या जहाजावरून माणूस दोरीच्या शिडीने खाली उतरतो, तेही पोराला दाखवा.

इंदिरानगरची_सून
डावी बाजू म्हणजे जहाजाच्या तोंडाकडे बघून डावी ना? नवरा आत्ताच वाद घालतोय.

सिन्नरचा_खलाशी
हो, पुढे तोंड करून डावी. पोर्ट साइड म्हणतात, जहाजावर कुणालाही विचारा.