इंग्रजी क्रियापदाचं शेपूट: पाठ करायचं की समजून घ्यायचं?

लाल पेन
लोकांचे इंग्रजी मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम. स्पेलिंग आता संगणकच सुधारतो. उरतात 'ऑन', 'टू', 'विथ'च्या चुका. 'डिस्कस अबाउट', 'मॅरी विथ', 'अँग्री ऑन मी'. मूळ उघड आहे. आपण विषयाबद्दल चर्चा करतो, कुणाशी लग्न करतो, कुणावर रागावतो. तेच उचलून इंग्रजीला चिकटवतो. माझं मत ठाम आहे: यात तर्क शोधू नका. क्रियापद त्याच्या शब्दयोगी अव्ययासकट पाठ करा. 'डिपेंड' असा शब्दच नाही, 'डिपेंड ऑन' असा आहे.

तिरपागडा
साफ असहमत. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे झेलायला टाकला, 'ॲट हिम' म्हणजे नेम धरून मारला. 'शाउट टू' लांबच्याला ऐकू जावं म्हणून, 'शाउट ॲट' रागाने. 'लाफ ॲट', 'पॉइंट ॲट', 'एम ॲट'... सगळीकडे समोरचा निशाण्यावर. 'प्रिव्हेंट', 'प्रोटेक्ट' यांना 'फ्रॉम', कारण काहीतरी दूर ठेवायचंय. हे एकदा दिसलं की घोकंपट्टी कशाला?

लाल पेन
मग 'अक्यूज ऑफ', 'चार्ज विथ', 'ब्लेम फॉर' यांचा तर्क सांगा. तिन्हींत दोषच द्यायचाय.

तिरपागडा
तिथे इतिहास बघावा लागतो. 'डिपेंड'चा लॅटिन अर्थ खाली लोंबणं. फ्रेंचमध्ये त्याच्यापुढे आजही 'चा' किंवा 'पासून' अर्थाचं अव्यय येतं, आणि काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीतही 'डिपेंड ऑफ' सापडतं.

लाल पेन
हा पुरावा माझ्या बाजूचा झाला. लोंबणाऱ्याला 'फ्रॉम' शोभलं असतं, नशिबी आलं 'ऑन'.

काठावरचा
अर्थ कळला ना, मग झालं! 'डिस्कस अबाउट'ने आजवर कुणाचा गैरसमज झालाय? ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यांचं तरी कुठे एकमत आहे? 'डिफरंट'ला 'फ्रॉम', 'टू', 'दॅन' तिन्ही लावतात. ब्रिटिश निकालाविरुद्ध 'अपील अगेन्स्ट' करतात, अमेरिकन थेट निकालच 'अपील' करतात.

ओसरीवरून
काठावरचा, मग कुणी 'माझी मदत कर' म्हटलं की आपण का चवताळतो? अर्थ तर कळतोच. पण कान म्हणतो, 'मला मदत कर' म्हण बाबा, हिंदी नको. 'डिस्कस अबाउट' त्यांच्या कानाला तसंच टोचत असणार.

आणि तर्काचं म्हणाल तर आपल्याकडे कुठे आहे? त्याला भेट, त्याच्याशी बोल, त्याच्यावर प्रेम कर, त्याची वाट बघ. माणूस एकच, प्रत्यय चार. हे आपण ना घोकलं, ना समजून घेतलं. कानावर पडत गेलं. इंग्रजी तितकं कानावर पडत नसेल तर निदान डोळ्यांखालून जाऊ द्या. शब्दकोशात अर्थ सापडला की आपण लगेच तो मिटतो. खाली उदाहरणाचं वाक्य असतं, खरा माल तिथे असतो. 'अ‍ॅग्री'खाली बघा: माणसाशी 'विथ', प्रस्तावाला 'टू', ठरलेल्या तारखेबाबत 'ऑन'.

काठावरचा
मदतीचा मुद्दा लागला, मान्य. पण माझ्या एका वरिष्ठांनी भर बैठकीत माझं 'कोप अप विथ' काढलं आणि पुढच्याच वाक्यात स्वतः 'कॉम्प्राइझेस ऑफ' म्हणाले. ते कुणी काढायचं?

लाल पेन
त्यांच्या डोक्यात 'कन्सिस्ट्स ऑफ' असणार. 'कॉम्प्राइझ'ला शेपूट नसतंच, शेजारच्याचं लावलं. तुमच्या 'कोप'लाही 'कीप अप विथ'चा 'अप' लागलेला दिसतोय.

तिरपागडा
म्हणजे या दोन्ही चुका इंग्रजीतून इंग्रजीत आल्या. मराठीवर फोडलेलं खापर परत घ्या.

लाल पेन
अर्धं घेतो. 'अँग्री ऑन मी' मात्र आपलंच.

तिरपागडा
ते आपलंच. फक्त 'अँग्री' क्रियापद नाही, विशेषण आहे. धागा कशावर काढलाय?