बेड नंबर तेवीसचे नातेवाईक कोण?

वडिलांना दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पॅरॅलिसिसचा झटका आला. पहाटे चारला बाथरूमला गेले आणि तिथंच बसून राहिले. १०८ ला फोन केला, गाडी आली, तासाभरात मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचलो. एकोणीस दिवस राहिलो. राहिलो असंच म्हणतो, कारण ॲडमिट ते असले तरी वॉर्डात मीही तेवढाच होतो.

उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. सीटी लगेच झाला, रोज राऊंड व्हायचा. फिजिओथेरपीवाली पोरगी तर "आजोबा, मला लाथ मारायचीय असं समजा" म्हणत त्यांचा पाय उचलून घ्यायची. पण तिथं पेशंटखेरीज आणखी एक धडधाकट माणूस लागतं, हे आधी कुणी सांगत नाही. सिस्टरनी रक्त काढलं की ट्यूब माझ्या हातात. लॅब दुसऱ्या इमारतीत. वडिलांचं रक्त मुठीत धरून मी आवार ओलांडायचो. ट्यूब कोमट असायची, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून मी भिंतीकडेनं चालायचो. संध्याकाळी रिपोर्ट आणायला परत तिकडंच. स्ट्रेचर मिळालं तर मामा (वॉर्डबॉय) जेवायला गेलेले, मग ढकलायचं पण आपणच. रात्री कॉटखाली चटई. जरा डोळा लागला की दारातून आवाज : "बेड नंबर तेवीसचे नातेवाईक कोण?"

माझं दुकान धाकट्या भावानं सांभाळलं. ज्याला भाऊ नाही, ज्याचं हातावर पोट आहे, त्याचं काय होत असेल? म्हणून हा धागा. घरात मोठं आजारपण आलं आणि सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जावं लागलं, तेव्हा तुमच्याकडे 'तेवीस नंबरचे नातेवाईक' कोण होतं ते लिहा. बरं-वाईट दोन्ही लिहा. तक्रार असेल तर दवाखान्याचं, डॉक्टरांचं नाव नको.

तापीकाठ :
आईला स्तनाचा कॅन्सर, २०१९. जळगावहून परळला, टाटाला. गावात जो तो सांगायचा, मुंबईत खोली मिळणार नाही, फूटपाथवर झोपावं लागेल. आम्हाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. शेजारी बीडच्या एक काकू होत्या, त्यांचे मिस्टर पेशंट. त्या आमच्या गुरू. केस गळायची वाट बघू नका, आधीच बारीक करून टाका. केमोच्या दिवशी तिला आवडीचं काही खायला देऊ नका, पुढे त्याचीच शिसारी बसते. आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून भरून घेतला का? स्लीपरला कॅन्सरच्या पेशंटला भाडं पडत नाही, सोबतच्याला पाव पडतं. आम्ही तोवर दोन फेऱ्या पूर्ण तिकीट काढून केल्या होत्या!
काकूंचे मिस्टर सहाव्या सायकलनंतर गेले. सामान न्यायला आल्या तेव्हा त्या आपला थर्मास आईसाठी ठेवून गेल्या. अजून आहे आमच्याकडे, फक्त झाकण बदललंय.

धाकटी सून :
नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, वय अडतीस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास मशीनवर. सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतं म्हणाले, जीव भांड्यात पडला. आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचे कागद बघणाऱ्याच्या टेबलापाशी कळलं, रेशनकार्डावर नवऱ्याचं पाळण्यातलं नाव, आधारवर शाळेतलं. म्हणजे कागदावर दोन माणसं. नाव दुरुस्तीला तीन चकरा झाल्या, तोवर खाजगीत पैसे भरले आणि त्यात तीन शेळ्या गेल्या. २०२४ च्या जुलैपासून पांढरं रेशनकार्डही चालतं, उपचारांच्या खर्चाची दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली, सगळं खरं. पण नाव जुळलं नाही तर पाच लाख काय नि पन्नास लाख काय.
एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिसवाल्याला तिकीट नाही. मला आहे. त्याला एकट्याला सोडता येत नाही, येताना त्याला गरगरतं. माझी तीन दिवसांची मजुरी बुडते, ती कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

आंब्याखालचा :
आमचं थोडक्यात. कोकण, कलमांच्या बागेत बाबांना फुरसं, म्हणजे विषारी साप चावला. शेजाऱ्याच्या रिक्षातून प्राथमिक आरोग्य केंद्रात. डॉक्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन टेबलावर उभं ठेवलं आणि वीस मिनिटं हात लावू नका म्हणाले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं हललं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. सिस्टर प्रतिविषाच्या बाटल्या तळहातांत हळूहळू फिरवत होत्या, जोरात हलवलं तर फेस होतो म्हणे. एक पैसा घेतला नाही. माणूस म्हणाल तर तो रिक्षावाला, सकाळपर्यंत थांबला, आणि भाड्याचा विषय काढला तर उठून बाहेर गेला.

चाळीतला :
बहिणीला टीबी, तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. त्यावरचं बेडाक्विलिन हे औषध सरकारकडून फुकट मिळालं. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून तीन दिवस. इतर गोळ्या वेगळ्याच, त्या घेतल्या की तासभर ती मोरीपाशी बसून असायची. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकार देतं ते, तेव्हा महिन्याला ५०० मिळायचे (आता १००० झालेत), त्यातून अंडी यायची.
दवाखान्याचं काही नाही, घरचंच सांगतो. वहिनीनं तिच्या पेल्याला नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून वापरायला नको. कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा. एक दिवस सकाळी उठलो तर फडताळातल्या सगळ्या पेल्यांना लाल ठिपके. बहीण गोळ्यांची डबी घेऊन शांत बसली होती.

दूरदेशी :
मी इंग्लंडमधून. नवऱ्याला आतड्याचा कॅन्सर. जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, संशय आला म्हणून पुढे पाठवलं, दोन आठवड्यांच्या आत तपासणी झाली. केमो चालू असताना एका रात्री ताप चढला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर अकरा तास काढले, तेही लिहायला हवं. वॉर्डात हलवल्यावर आठ वाजता नर्स म्हणाली, आता घरी जा, झोप. मला इतका राग आला! आपलं माणूस परक्यांत टाकून जायचं? घरी येऊन चहा केला, तो सवयीनं दोन कप. पण त्या महिन्यात मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपले, हेही खरं.
बिल नाही. औषधांच्या चिठ्ठीचे पैसे इथं कॅन्सरच्या पेशंटना २००९ पासून माफ आहेत. पार्किंगचे तेवढे भरले, ते मनातल्या मनात रुपयांत करू नयेत.

रात्रपाळी :
"नातेवाईक कोण" म्हणून ओरडते ती मी. स्टाफ नर्स, अठरा वर्षं. रात्री आम्ही दोघी, खाटा साठ, जमिनीवर गाद्या टाकलेले वेगळे. रक्ताची ट्यूब नातेवाइकाच्या हातात देऊ नये हे मला कळतं. शिपायाची जागा कधीपासून रिकामी आहे, मग ट्यूब न्यायची कुणी?
गेल्या वर्षी सासूबाई आमच्याच दवाखान्यात, दुसऱ्या वॉर्डात होत्या. मी साडीत गेले. तिथल्या मामांनी ओळखलंच नाही. "ओ मावशी, बाहेर थांबा, राऊंड चालूय." बाहेरच्या बाकावर बसले. त्या बाकावर वॉर्डातली हाक ऐकूच येत नाही. अठरा वर्षं मी लोकांना म्हणत आले, "ऐकू येत नाही का?" आता दाराबाहेर येऊन हाक मारते.

अनामिका१२ :
माझ्या आईचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी, पुण्यात. मी एकुलती एक, सुट्टी तीनच दिवस मिळालीय. गुरुवारपासून दिवसा बसायला पैसे देऊन कुणी मिळतं का? साधारण किती घेतात?

धागाकर्ता :
माझा आतेभाऊ पुण्यात असतो, दुपारची शिफ्ट. सकाळी सात ते एक तो बसेल, मी त्याला विचारूनच लिहितोय. वडिलांच्या वेळी आठवडाभर तोच होता, ट्यूब, स्लिपा, सगळं माहीत आहे त्याला. दुपारचं बघू काहीतरी. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. चटई आणू नका, आमची त्याच्याकडेच आहे.