मदत हवी आहे: शोधनिबंधात न दिसणारे प्रयोगशाळेतील काम नव्या नोकरीसाठी सिद्ध कसे करावे?

नमस्कार.

मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली असून पुण्यातील एका सरकारी संशोधन संस्थेत कंत्राटी प्रोजेक्ट सायंटिस्ट म्हणून काम करते. माझे वय ३८ आहे. ज्या प्रकल्पातून माझे मानधन निघते तो येत्या मार्चअखेरीस संपत आहे. मुदतवाढ मिळेल असे आमचे प्रमुख म्हणतात. परंतु अशी मुदतवाढ बहुधा वाढीव निधीविना मिळते आणि मनुष्यबळाच्या शीर्षाखालील रक्कम तोवर संपलेली असेल. म्हणजे प्रकल्प चालू राहिला तरी माझे पद राहणार नाही. पुढच्या नोकरीची तयारी करताना जी अडचण समोर आली आहे, तिच्याबाबत येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

माझे मुख्य काम एलसी-एमएस यंत्रावरचे आहे, म्हणजे मिश्रणातील संयुगे वेगळी करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या व मोजणाऱ्या यंत्रावरचे. ट्रिपल क्वाड्रुपोल प्रकारच्या या यंत्रावर आम्ही वनस्पतींच्या अर्कातील संरक्षक संयुगे मोजतो. यंत्र महाग आणि ते नीट चालवू शकणारी माणसे थोडी, त्यामुळे संस्थेतील इतर गटांचे आणि बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुनेही माझ्याकडेच येतात. नमुना कसा गोठवून आणायचा हे सांगण्यापासून ते आलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा हे समजावण्यापर्यंतची सगळी जबाबदारी माझी असते. कॉलमचा दाब अचानक वाढला तर दोष गार्ड कॉलममध्ये आहे की पंपाच्या सीलमध्ये, हे शोधणे. आयन सोर्स उघडून साफ करणे. कंपनीच्या इंजिनिअरला बोलवावे की वार्षिक देखभाल करारातील भेट पुढच्या मोठ्या बिघाडासाठी राखून ठेवावी, हे ठरवणे. हे रोजचेच आहे. याशिवाय जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरील खरेदी, दरपत्रकांचा तौलनिक तक्ता, निधी देणाऱ्या विभागाला पाठवायच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा मसुदा आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना यंत्र शिकवणे हेही माझ्याकडेच आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आज औषध कंपन्यांत माझ्यापेक्षा चांगल्या पदांवर आहेत, ही आनंदाची गोष्ट असली तरी विचार करायला लावणारीही आहे.

यातले काहीही माझ्या बायोडाटात नाही. तेथे आहेत ते शोधनिबंध, परिषदांमधील पोस्टर आणि पीएचडीच्या प्रबंधाचे शीर्षक. बहुतेक शोधनिबंधांत माझे नाव लेखकांच्या यादीच्या मध्यावर येते आणि मधल्या नावाने नेमके काय केले हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. अलीकडे पुष्कळ नियतकालिके लेखकांच्या योगदानाचे क्रेडिट नावाचे वर्गीकरण मागतात, ज्यात १४ भूमिका ठरवून दिलेल्या आहेत. आमच्या शेवटच्या निबंधात माझ्या नावापुढे 'इन्व्हेस्टिगेशन' एवढेच नोंदवले गेले. मोजमापाची पद्धत बसवणे आणि ती तपासणे, म्हणजे त्या यादीतील 'मेथडॉलॉजी' आणि 'व्हॅलिडेशन', ही कामेही मीच केली होती.

मध्यंतरी एका औषधनिर्माण कंपनीतील विभागप्रमुखांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. त्यांनी विचारले की मी जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्यांच्या नोंदी व गुणवत्तेचे नियम) वातावरणात काम केले आहे का, आणि माझी पद्धत व्हॅलिडेट केलेली, म्हणजे ठरलेल्या निकषांवर तपासून सिद्ध केलेली, आहे का. पद्धत चालते, निष्कर्ष पुनःपुन्हा तेच येतात आणि ते प्रसिद्धही झाले आहेत, असे मी सांगितले. त्यांना मात्र स्वीकृतीचे निकष मोजणीच्या आधी कोठे लिहून ठेवले होते, निकषाबाहेर गेलेल्या मोजणीचे काय केले आणि तो निर्णय कोणी घेतला, हे हवे होते. अशी नोंद आमच्याकडे नाही. आमची लॉगबुके नमुन्याचे नाव, तारीख आणि वापरणाऱ्याची सही यांपलीकडे जात नाहीत.

पर्यायांचा विचार मी केला आहे. तरुण संशोधकांसाठीच्या इन्स्पायर फॅकल्टी या सरकारी योजनेची वयोमर्यादा उलटून गेली आहे. महिला शास्त्रज्ञांसाठीच्या वाइज-किरण योजनेतील पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये वयाची अट बरीच सैल आहे, पण तीही मुदतीचीच. पुन्हा काही वर्षांनी याच ठिकाणी येऊन उभे राहायचे नाही. पेटंट एजंटच्या परीक्षेचाही विचार केला. विज्ञानाची पदवी त्यासाठी पुरते आणि प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ५० टक्के व एकूण ६० टक्के गुण लागतात. परंतु मला यंत्र सोडून कागदांकडे जायचे नाही. औषधनिर्माण किंवा अन्नचाचणी प्रयोगशाळेत जाणे मला सर्वांत योग्य वाटते.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. उरलेल्या महिन्यांत, आहे त्याच प्रयोगशाळेत राहून, अनोळखी माणसाला पटेल असा कोणता पुरावा मी तयार करू शकते? दोन-दोन दिवसांची 'जीएलपी प्रमाणपत्रे' देणारे जे अभ्यासक्रम दिसतात, त्यांवर पैसे खर्च करावेत का? आणि आमच्या प्रमुखांकडे यासाठी नेमके काय मागावे, की ज्यामुळे त्यांना ते ओझे किंवा तक्रार वाटणार नाही? 'आत्मविश्वास ठेवा' या स्वरूपाचा सल्ला मला भरपूर मिळाला आहे. आपल्याकडून प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी कळाव्यात, ही विनंती.

प्रतिसाद (नाशिक, अन्नचाचणी प्रयोगशाळा)

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जीएलपीचे अनुपालन प्रमाणपत्र व्यक्तीला मिळत नाही, ते चाचणी सुविधेला मिळते, आणि आपल्या देशात ते विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय प्राधिकरण देते. दोन दिवसांच्या वर्गाने तत्त्वे कळतात आणि ती कळणे चांगलेच आहे, परंतु त्या कागदाला मुलाखतीत वजन नाही. मी स्वतः उमेदवारांच्या मुलाखती घेतो आणि तो कागद बाजूला ठेवतो.

त्याऐवजी एक पद्धत निवडा. एकच. आपल्या आवडीची नको, तर जिचे नमुने आपल्याकडे वारंवार येतात अशी. त्या पद्धतीसाठी मोजणीला हात लावण्यापूर्वी एक योजना लिहा, तिच्यावर तारीख घाला आणि प्रमुखांची सही घ्या. आमच्याकडे कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी युरोपीय संघाची सांटे मार्गदर्शिका वापरतात. तिच्यानुसार कोरा नमुना घेऊन त्यात ज्ञात प्रमाणात पदार्थ मिसळायचा, परिमाणनाच्या किमान मर्यादेवर आणि त्याहून वरच्या किमान एका पातळीवर प्रत्येकी निदान पाच वेळा मोजायचा. सरासरी रिकव्हरी (मिसळलेल्यापैकी मोजणीत परत सापडलेले प्रमाण) ७० ते १२० टक्क्यांत आणि पुनरावृत्तीतील सापेक्ष विचलन २० टक्क्यांच्या आत असावे. वनस्पतींच्या अर्कात मूळचेच संयुग मोजायचे असेल तर कोरा नमुना मिळणार नाही, तेव्हा त्यावर काय तोड काढली तेही लिहा. मला उमेदवाराची समज तेथेच दिसते. मॅट्रिक्स इफेक्ट, म्हणजे नमुन्यातील इतर घटकांमुळे मोजणीत पडणारा फरक, किती निघाला तोही आकडा द्या, तो वाईट असला तरी. एखादा निकष पाळला गेला नाही तर ती मोजणी खोडू नका. कारण शोधून खाली लिहा.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून या भागातील निर्यातदार अहवालातील आकड्याइतकेच त्यामागचे कागद पाहू लागले आहेत. आम्हाला चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या मानकानुसार माणसाची सक्षमता नोंदीने दाखवावी लागते, त्यामुळे अशा फाइलसह येणारा उमेदवार आमचे काही महिन्यांचे काम वाचवतो. अन्नचाचणीकडे यायचे पक्के असेल तर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची फूड अ‍ॅनालिस्ट परीक्षा अवश्य पाहा. ती पात्रता व्यक्तीची असते आणि नोकरी बदलली तरी आपल्याबरोबर राहते.

प्रतिसाद (हैदराबाद, बायोअ‍ॅनालिटिकल विभाग)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. औषधांच्या बाबतीत निकष निराळे आहेत, एवढेच जोडते. रक्तातील औषध मोजण्यासाठी आम्ही २०२२ मध्ये स्वीकृत झालेली आयसीएच या आंतरराष्ट्रीय औषधनियमन परिषदेची एम-१० मार्गदर्शिका पाळतो. अचूकतेतील फरक १५ टक्क्यांच्या आत आणि सर्वांत खालच्या पातळीवर २० टक्क्यांच्या आत लागते. उत्पादनाच्या गुणवत्ता तपासणीत गेलात तर आयसीएचचीच क्यू-२ मार्गदर्शिका वाचावी लागेल. दोन्ही मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध आहेत आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी वाचून होतात.

परंतु संस्थेतून आलेले उमेदवार आमच्याकडे बहुधा निकषांवर अडत नाहीत, विदेच्या (डेटाच्या) विश्वासार्हतेवर अडतात. आपल्या यंत्राच्या संगणकावर सगळे जण एकाच 'अ‍ॅडमिन' नावाने आणि एकाच पासवर्डने लॉगिन करत असणार, असे मी धरून चालते, कारण माझ्या जुन्या प्रयोगशाळेतही तसेच होते. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडणे आणि ऑडिट ट्रेल (कोणी केव्हा काय बदलले याची आपोआप होणारी नोंद) चालू करणे यासाठी बहुधा वेगळे पैसे लागत नाहीत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आधीपासून असते. आलेखातील शिखराचे इंटिग्रेशन (त्याच्या क्षेत्रफळाची मोजणी) हाताने बदलले तर कारण लिहायचे, एवढा नियम केलात तरी मुलाखतीत सांगण्यासारखे खूप होईल. 'मी येण्यापूर्वी असे होते, मी हे बदलले, आता असे आहे' हे सांगू शकणारा माणूस आम्हाला हवा असतो.

बायोडाटा दोन पानांचा करा. शोधनिबंधांची यादी एका ओळीत आणा आणि तपशिलासाठी ऑर्किडचा (ORCID, संशोधकाच्या ऑनलाइन ओळखीचा) क्रमांक द्या. पहिल्या अर्ध्या पानावर यंत्र, पद्धती, हाताळलेले नमुन्यांचे प्रकार आणि प्रशिक्षित केलेली माणसे यावीत. खरेदी आणि उपयोगिता प्रमाणपत्रे मात्र एका ओळीत आटोपा. ते काम महत्त्वाचे असले तरी आमच्याकडे त्याला स्वतंत्र विभाग असतो.

प्रतिसाद (पुणे, निवृत्त शास्त्रज्ञ)

हैदराबादच्या भगिनींचे शेवटचे वाक्य मला पटले नाही. लहान कंपनीत किंवा नव्या स्टार्टअपमध्ये प्रयोगशाळा उभी करायची असते, तेव्हा कोणते यंत्र घ्यावे, देखभाल करारात काय लिहून घ्यावे आणि सुटे भाग किती साठवावेत हे जाणणारा माणूस सोन्याच्या मोलाचा असतो. पुण्यातील एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातील व्हेंचर सेंटर या नवउद्योग केंद्रासारख्या ठिकाणी अशा कंपन्या सापडतात. तेथे अर्ज करताना हाच भाग वर घ्यावा.

आता प्रमुखांकडे काय मागावे याबद्दल. आस्थापना विभागाचा अनुभवाचा दाखला पद आणि कालावधी यांपलीकडे काही सांगत नाही. म्हणून प्रमुखांच्या सहीचे स्वतंत्र पत्र घ्या आणि त्याचा मसुदा आपणच करून न्या. कर्तव्यांचे वर्णन विशेषणांनी भरू नका; कोणत्या यंत्राची जबाबदारी होती, किती गटांना सेवा दिली, कोणत्या पद्धती बसवल्या, एवढेच असू द्या. असे पत्र सही करायला सोपे जाते. प्रकल्प संपण्यापूर्वी घ्या, कारण नंतर माणसे प्रवासात असतात, रजेवर असतात आणि निवृत्तही होतात. सेवेचा आकडा लॉगबुकातून काढा. यंत्र आय-स्टेम या संशोधन-उपकरणांच्या सामायिक वापरासाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेले असेल तर तेथील नोंदणीही मिळवा.

प्रसिद्ध झालेल्या निबंधातील योगदानाची नोंद बदलण्याच्या खटपटीत शक्ती घालवू नका. हस्तलिखित तयार होत असलेल्या निबंधांसाठी मात्र भूमिकांचा तक्ता आपणच भरून सर्व लेखकांना पाठवा. समोर भरलेला तक्ता आला की लोक दुरुस्ती सुचवतात. कोरा आला की शेवटच्या रात्री कोणीतरी अंदाजाने भरतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फ्लॅव्होनॉइडची पद्धत निवडली आहे, कारण तिचे नमुने सर्वाधिक येतात, आणि योजनेचा मसुदा या आठवड्यात प्रमुखांना दाखवते. स्वतंत्र खात्यांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला, पासवर्ड यंत्रावरच चिकटवलेला आहे. एक शंका उरते. ही फाइल मुलाखतीत दाखवता येईल का? नमुने इतर गटांचे आहेत आणि विदा संस्थेची.

प्रतिसाद (नाशिक)

मूळ विदा आणि नमुन्यांची नावे संस्थेबाहेर नेऊ नका. ज्याने जुन्या मालकाची फाइल आणून दाखवली तो उद्या आमचीही नेईल, असा विचार समोरचा माणूस करतोच. योजनेचा आराखडा आणि निकषांचा सारांश, प्रमुखांच्या लेखी परवानगीने, पुरेसा होतो. बाकीचे तोंडी सांगा. ज्याने पद्धत खरोखर बसवली आहे त्याला तिसऱ्या पातळीवरची रिकव्हरी कमी का आली हे विचारले की उत्तर कागद न पाहता येते, आणि आम्ही नेमके तेच विचारतो.