मदत हवी आहे: कार्कासोनमध्ये शेतकरी नेमका कधी ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

यंदा चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमणार आहेत. रात्री आरत्या आटोपल्या की आमच्याकडे पत्ते निघतात, पण या वेळी भाचरांना कार्कासोन शिकवायचं मनात आहे. क्लाउस-युर्गन व्रेडे यांचा हा खेळ २००० सालचा, २००१ मध्ये जर्मनीतला 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळालेला. इथे कुणी ना कुणी खेळलेलं असणारच.

साधा भाग कळलाय. एकूण ७२ टाइल्स, म्हणजे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. पाळी आली की एक उचलायची, रस्त्याला रस्ता, शहराला शहर, शेताला शेत भिडेल अशी लावायची आणि वाटलं तर त्याच टाइलवर मीपल (माणसाच्या आकाराची छोटी सोंगटी) ठेवायचा. रस्ता पुरा झाला की टाइलमागे १ गुण, शहर पुरं झालं की २, टाइलवर ढालीचं चित्र असेल तर आणखी २. मठाच्या भोवतीच्या आठही जागा भरल्या की ९. मीपल परत हातात.

अडतंय ते शेतकऱ्यापाशी. शेतात आडवा ठेवलेला मीपल खेळ संपेपर्यंत उठत नाही. शेवटी त्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पुऱ्या शहराचे ३ गुण मिळतात, हे खरं. पण हातात सातच मीपल! त्यातले तीन आडवे झाले की शहरं बांधायला माणसं कुठून आणायची? शेतकरी सुरुवातीलाच टाकावा की थांबून?

दुसरं म्हणजे, काल आईच्या आणि माझ्या शेतामध्ये रस्ता होता. तिने रस्त्याच्या टोकापलीकडे टाइल लावली आणि दोन्ही शेतं एक झाली. आधी कुणी बसलेल्या शेतात नवा मीपल ठेवता येत नाही ना? मग हे चालतं का? गुण कुणाचे?

प्रतिसाद:
चालतं, आणि आईंनी फार सुंदर चाल केली. बसलेल्या शेतात थेट मीपल ठेवता येत नाही, पण आधी वेगळी असलेली शेतं टाइलने जोडता येतात. ज्याचे शेतकरी जास्त, गुण त्याचे. सारखे असतील तर दोघांनाही पूर्ण.

शेतकऱ्याचं म्हणाल तर शहराचा आकार बघू नका. दोन टाइल्सचं शहरही ३ गुण देतं आणि दहांचंही ३च. म्हणून जिथे छोटी शहरं भराभर पुरी होताहेत आणि शेत रस्त्यांनी तुटलेलं नाही, तिथे लवकर एक ठेवा. दुसरा शेवटच्या पंधरा-वीस टाइल्स उरल्यावर. त्या वेळी मीपल परत मिळाला नाही तरी फारसं बिघडत नाही.

भाचरांना पहिला डाव शेतकऱ्यांविना खेळवा. नव्या आवृत्तीत शेतकऱ्यांचा नियम मुख्य नियमांत नाही, वेगळ्या जोडपानावरच दिलाय. आणि टाइल्स पुठ्ठ्याच्या आहेत, आपल्याकडच्या पावसात फुगतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.