पावसाळ्यात ऑफिसच्या कपड्यांना कुबट वास येतो, उपाय हवा आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा क्षुल्लक, पण जून ते सप्टेंबर रोज छळणारा. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत पाऊस तिरका येतो, त्यामुळे कपडे हॉलमधल्या स्टँडवर आणि बेडरूममध्ये बांधलेल्या दोरीवर वाळतात. म्हणजे वाळतात असं आपण म्हणायचं. 

गंमत अशी की सकाळी शर्टाला वास नसतो. इस्त्री झाल्यावर नाकाला लावून बघतो, काही नाही. मग लोकलची गर्दी, घाम, स्टेशनबाहेर थोडी भुरभुर, आणि ऑफिसात एसीखाली बसून लॅपटॉप उघडेपर्यंत काखेच्या बाजूने ओल्या फडक्याचा वास सुरू. मीटिंगमध्ये शेजारच्याने खुर्ची जरा सरकवली तरी वाटतं, आपल्यामुळेच.

मशीन फ्रंट लोड आहे. लिक्विड डिटर्जंट, वर सॉफ्टनर, अर्ध्या तासाचं झटपट सायकल. कपाटात डांबर गोळ्या टाकून झाल्या, तर आता कुबट अधिक डांबर असा मिश्र वास येतो. सेंट मारून गेलो तर मागच्या टेबलावरून विचारणा झाली, "आज पूजा आहे का?"

आईचं म्हणणं, हाताने घासून धुतल्याशिवाय हे जाणार नाही. बायकोचं म्हणणं, आधी रोजचा शर्ट खुंटीला टांगणं बंद कर. ड्रायरला घरात जागा नाही, रोज लाँड्री परवडत नाही. गच्चीवर पत्र्याची शेड घालायचा विषय सोसायटीच्या सभेत काढून बघितला, पुन्हा काढणार नाही. घरच्या घरी काही करता येईल का?

प्रतिसाद १ :
वास नुसत्या ओलाव्याचा नाही, जिवाणूंचा आहे. घरात वाळवलेल्या कपड्यांवर जपानमध्ये काम झालंय. २०१२ साली तिथल्या संशोधकांनी या वासामागचा मुख्य जिवाणू शोधला, मोराक्सेला ओस्लोएन्सिस. कपड्यात राहिलेला घाम आणि अंगाचा तेलकटपणा यांवर तो जगतो आणि वासाचं आम्ल तयार करतो. कपडा वाळला तरी तो मरत नाही, दमट झाला की परत कामाला लागतो. तुमचा शर्ट सकाळी साळसूद आणि ऑफिसात बदमाश का, त्याचं उत्तर हे.

गार पाण्याच्या झटपट सायकलमध्ये त्याचं काही बिघडत नाही. सुती शर्ट, बनियन, टॉवेल आठवड्यातून एकदा ६० अंशांवर धुवा. लेबल आधी वाचा. सॉफ्टनर बंदच करा, त्याचा थर कपड्यावर बसतो आणि मळ नीट निघत नाही. डिटर्जंटही झाकण भरभरून नको, न निघालेला साबण कपड्यातच राहतो.

प्रतिसाद २ :
वरच्यांनी धुण्याचं सांगितलं, मी वाळवण्याचं सांगते. मशीनची शिटी वाजली की कपडे लगेच बाहेर. रात्री लावून सकाळी काढायचे असतील तर लावूच नका. पिळण्याचं सायकल दोनदा फिरवा. शर्ट दोरीवर दुमडून न टाकता हँगरला अडकवा, दोन हँगरमध्ये चांगली वीतभर जागा, कॉलर उभी, वरचं बटण उघडं. आणि पंखा छताचा नको, टेबल फॅन खाली ठेवून वारा कपड्यांच्या मधून जाऊ द्या. बेडरूममध्ये एसी असेल तर दार-खिडकी लावून ड्राय मोडवर टाका, हवेतलं पाणी खेचून घेतो.

आमच्याकडे कोकणात पडवीत वलणी असायची. बाळाच्या दुपट्यांसाठी शेगडीवर टोपली उपडी घालून त्यावर ती पसरायची. उबदार, किंचित धुरकट वासाचं दुपटं गालाला लावायला काय छान वाटायचं. पण ते फ्लॅटमध्ये करू नका बाबा.

प्रतिसाद ३ :
जुन्या फ्रीजच्या मागे काळी जाळी असायची, गरम. शाळेचे मोजे आम्ही तिथेच वाळवले. हल्लीच्या बहुतेक फ्रीजना ती आत गेली, प्रगती म्हणतात ती हीच का?

प्रतिसाद ४ :
दोन सूचना. व्हिनेगर घालायचा सल्ला हमखास येईल. घाला, पण ब्लीचबरोबर कधीही नाही, क्लोरीन वायू तयार होतो. दुसरं, डांबर गोळ्या लहान बाळाच्या कपड्यांत ठेवू नका, काही बाळांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होतो.
आणि मशीनच्या दाराचं रबर उचलून बघितलंय का कधी?

धागाकर्ता :
बघितलं. आत काळं बुळबुळीत, एक शर्टाचं बटण, दोन रुपयांचं नाणं आणि बहुधा एकेकाळी रुमाल असलेलं काहीतरी. फडक्याने पुसून काढलं, मशीन रिकामं गरम पाण्यावर चालवलं, आता दार उघडंच ठेवतो. सॉफ्टनरची बाटली माळ्यावर.

सुती शर्ट ६० अंशांवर धुऊन, टेबल फॅनसमोर हँगरला. काल संध्याकाळी परतीच्या गाडीत चक्क वास नव्हता. शेजारच्या माणसाचा होता. रविवारी ऊनही पडलं, अख्ख्या बिल्डिंगची गच्चीवर दोरीसाठी झुंबड. कडक वाळलेल्या टॉवेलने अंग पुसायला मिळालं, तेवढ्यासाठी मी दोनदा आंघोळ केली.

आता अडलंय पँटपाशी. टेरीकॉटच्या आहेत, लेबलवर ४० अंशच लिहिलंय. कमरेच्या पट्टीत वास अजून बसलेला आहे. काय करू?

प्रतिसाद १ :
ऑक्सिजनवालं ब्लीच मिळतं, सोडियम परकार्बोनेट, पांढरी पावडर. ४० अंशांच्या पाण्यात विरघळवून पाकिटावरच्या मापाने तासभर भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. रंगीत कपड्यांना सहसा चालतं, तरी आतल्या शिवणीवर थेंब लावून बघा. रेशीम आणि लोकरीला नाही. पट्टी जाड असते, सगळ्यात शेवटी वाळते, म्हणून पँट उलटी करून कमरेकडून क्लिप लावून टांगा.

धागाकर्ता :
धन्यवाद, शनिवारी आणतो. बुटांसाठी वेगळा धागा काढावा लागणार.