शॅकमधला स्मार्ट स्पीकर ठेवू की काढू? (घरात वाद चालू आहे)

गच्चीवरची_तार (पुणे)

मंडळी ७३ (हॅम रेडिओवाल्यांच्या शुभेच्छा). माझा शॅक (रेडिओ ठेवायची जागा) म्हणजे बेडरूमच्या कोपऱ्यातलं एक टेबल, वरून गच्चीवर गेलेली एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) अँटेनाची वायर, बाकी तुम्हाला माहितीच आहे फ्लॅटमधल्या हॅमचं दुःख. दोन वर्षांपूर्वी मुलीने वाढदिवसाला एक स्मार्ट स्पीकर दिला, कंपनी कुठली ते सोडा, सगळ्यांकडे असतात त्यातलाच. मला त्याचा उपयोग एवढाच की रिगवरून (रेडिओसेटवरून) हात न काढता यूटीसी टाइम (आपल्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) विचारता येतो. पहाटे साडेपाचच्या आत क्यूएसओ (रेडिओवर संपर्क) झाला की लॉगमध्ये आदल्या दिवसाची तारीख टाकायची असते आणि मी अर्धवट झोपेत ती हमखास चुकवतो.

मागच्या रविवारी ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर बंगळुरूच्या एका ओएमशी (दुसऱ्या हॅमशी) बोलत होतो, एका हातात चहा म्हणून व्हॉक्स (आवाज ऐकला की आपोआप ट्रान्समिट करणारी सोय) लावलेला. मी काय बोललो कोण जाणे, स्पीकरला वाटलं त्यालाच हाक मारली, आणि सुरू झालं ना भजन, फुल व्हॉल्यूममध्ये! व्हॉक्सने रिग ट्रान्समिटवर टाकली आणि चहा ठेवून व्हॉक्स बंद करेपर्यंत पंधरा-वीस सेकंद माझ्या कॉलसाइनखाली (रेडिओवरच्या ओळखीखाली) ७ मेगाहर्ट्झवर टाळ-मृदंग. हॅम बँडवर संगीत चालत नाही हे परीक्षेला पाठ केलेलं, आता प्रात्यक्षिक पण झालं.

फ्रिक्वेन्सीवरचे सगळे हसले, घरी मात्र कोणी हसलं नाही. बायकोने ॲप उघडून व्हॉइस हिस्टरी बघितली तर त्यात हे भजन होतंच, पण त्याच्याआधी तिचं तिच्या बहिणीशी झालेलं फोनवरचं बोलणं, आईच्या ऑपरेशनचं आणि कोण किती पैसे देणार त्याचं, सात-आठ सेकंदांचे दोन तुकडे. कोणी हाक मारलेली नसताना. ती म्हणते आजच्या आज काढ. माझा एक हॅम मित्र म्हणतो तू स्वतः रोज नाव, गाव, अँटेना अर्ध्या जगाला ओरडून सांगतोस, तुझी कसली आलीये प्रायव्हसी? मला दोघांचं पटतंय हीच अडचण आहे.

अजून एक, २० मीटरवर एसएसबीत (बोलण्याच्या मोडमध्ये) ५० वॉट दिले की हा स्पीकर आपोआप जागा होतो आणि "माफ करा, समजलं नाही" म्हणतो. हे नॉर्मल आहे का?

लॅमिंग्टनचा_वारकरी (ठाणे)

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तेवढंच मला कळतं. नॉर्मल नाही पण कॉमन आहे. एंड-फेडला काउंटरपॉइज (अर्थिंगसारखं काम करणारी दुसरी वायर) धड नसेल तर कोॲक्सचं (अँटेनाच्या केबलचं) वरचं कवचच अँटेना होतं आणि तुमचा आरएफ (रेडिओ सिग्नल) टेबलापर्यंत परत येतो. स्पीकरची पॉवरची वायर तो उचलते, आत माइकच्या सर्किटमध्ये त्याचं रेक्टिफिकेशन होऊन आवाजासारखा सिग्नल बनतो, आणि एसएसबीची पातळी तुमच्या आवाजाबरोबर वरखाली होत असल्यामुळे त्याला ते कोणीतरी घशात बोळा घालून बोलतंय असं ऐकू येत असणार. क्लिपवाला फेराइट (वायरवरचा आरएफ अडवणारा काळा तुकडा) एकदाच अडकवून एचएफवर (आपल्या या बँडवर) फारसं काही होत नाही, मिक्स ३१ जातीची फेराइट रिंग घ्या, ॲडॉप्टरच्या वायरचे आठ-दहा वेढे मारा आणि कोॲक्सला पण तसाच वेढ्यांचा एक चोक करा. खरा रोग कोॲक्सवरच आहे.

उलटी टेस्ट पण करा. ४० मीटरवर रिकामी फ्रिक्वेन्सी लावा, एस-मीटर (सिग्नलची पातळी दाखवणारा) बघा आणि स्पीकरचा ॲडॉप्टर प्लगमधून काढा. स्वस्तातला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) असेल तर नॉइज किती पडतो ते दिसेल.

आणि तुमचा कुठला आहे माहीत नाही, पण अलेक्सात वेक वर्ड (हाक मारायचा शब्द) बदलता येतो आणि त्यात "एको" असा एक पर्याय आहे. तो हॅमने चुकूनही लावू नये. आपल्या फोनेटिक्समध्ये (अक्षरं सांगायच्या शब्दांत) ई म्हणजे एकोच की हो! कॉलसाइनमध्ये ई असलेला माणूस सीक्यू (सगळ्यांना हाक) द्यायला बसला की दर वेळी ते उठून बसणार. वर एकोलिंकचा (हॅमना इंटरनेटवरून जोडणाऱ्या सोयीचा) विषय निघाला तर बघायलाच नको.

डिटडाह_ताई (नाशिक)

दादा, तुमच्या मित्राचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो पण त्यात एक गोष्ट राहिली. हवेत जे जातं ते तुम्ही पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर जातं. कॉलसाइन देता तेव्हा माहीत असतं की सगळे ऐकतायत, आपल्याला तर सांकेतिक करून बोलायची परवानगीच नाही, सगळं उघड. ते लायसन्स तुमचं आहे, परीक्षा तुम्ही दिलीत. वहिनींनी कुठली परीक्षा दिली होती? त्या माइकला पीटीटी आहे कुठे?

आणि हे कोणी ऐकत नाही वगैरे म्हणू नका. २०१९ साली एकामागून एक तिघांचं बाहेर आलं. ॲमेझॉनची माणसं अलेक्साच्या क्लिपा ऐकून तपासतात, मग जुलैत गुगलचं, बेल्जियमच्या व्हीआरटी चॅनेलकडे हजारावर क्लिपा पोचल्या आणि त्यातल्या १५३ अशा होत्या की कोणी हाकच मारली नव्हती, त्याच महिन्यात सिरीचं. ॲपलने त्या सिरीच्या खटल्यात जानेवारी २०२५ मध्ये ९.५ कोटी डॉलर द्यायची तडजोड केली, अर्थात चूक कबूल न करता. म्हणजे वहिनींना जे सापडलं ते काही जगावेगळं नाही. ऑपरेशन आणि पैसे, घरातल्या बायका दार लावून बोलतात तेच नेमकं.

माझ्याकडे नाहीये असला प्रकार. यूटीसीसाठी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय, साडेपाच तास मागे. पाहुणे आले की बंद पडलंय म्हणून सांगतात.

काठी_आणि_की (सांगली)

इथे मी जरा वेगळं बोलणार. मला दिसत नाही, लायसन्स बऱ्याच वर्षांचं आहे, मोर्स कानाने येतो. ताई, तुमचं भिंतीवरचं घड्याळ माझ्या काय कामाचं? मला तो डबा वेळ सांगतो, टायमर लावून देतो, पंखा बंद करतो, आणि विचारलं की पावसाचं सांगतो म्हणजे वीज कडाडायच्या आत मुलाला हाक मारून अँटेनाचं कनेक्शन काढून घेता येतं. याआधी दर वेळी कोणाला तरी उठवायला लागायचं. माझ्यासाठी कोणाला न उठवता काम होणं हीच प्रायव्हसी आहे, हसू नका.

पण मी काय केलंय ते सांगतो. बाकीच्यांना त्याच्यावरचा लाल दिवा दिसतो, मला नाही, म्हणून म्युटवर माझा विश्वास नाही. मुलाने त्याला वेगळा बोर्ड करून खटक्याचं बटण दिलंय. खट् झालं की आहे, परत खट् झालं की नाही. चालू व्हायला अर्धा मिनिट लागतो, लागू दे. सून माहेरी फोन करते तेव्हा ती स्वतःच येऊन ते बटण पाडते, मला विचारत पण नाही, आणि ते बरोबरच आहे.

पाय_वर_पाय (पिंपरी)

क्लाउड नको असेल तर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर टाका, त्यात ओपनवेकवर्ड (हाक ओळखतं), व्हिस्पर (बोलणं लिहून घेतं) आणि पायपर (उत्तर बोलतं) सगळं घरातल्या मशीनवर चालतं, आवाज राउटरच्या बाहेर जात नाही. मी केलंय. इंग्लिशमध्ये ठरावीक आज्ञा नीट घेतो. मराठीची हौस मात्र महागात पडते, व्हिस्परचं छोटं मॉडेल मराठीत कच्चं आहे आणि मोठं मॉडेल रासबेरी पायवर रांगत रांगत उत्तर देतं, तोवर तुमचा डीएक्स (लांबचं स्टेशन) निघून जाईल. जुना डेस्कटॉप पडलेला असेल तर बघा.

स्पीकर ठेवणारच असाल तर सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग सेव्ह न करण्याचा पर्याय निवडा, पण एक लक्षात घ्या की सेव्ह न करणं म्हणजे न पाठवणं नव्हे. अमेरिकेत अलेक्साच्या काही मॉडेलला रेकॉर्डिंग पाठवूच नका असा पर्याय होता, तो २८ मार्च २०२५ पासून बंद केला.

कोथरूडचा_क्वॅगी (पुणे)

सगळे स्पीकरच्या मागे लागलाय, पण आपल्यातले निम्मे लोक क्यूआरझेडच्या (हॅमची माहिती असलेल्या वेबसाइटच्या) पानावर घराचा पत्ता आणि बाल्कनीचा फोटो टाकून बसलेत. एपीआरएस (आपली जागा रेडिओवरून कळवणारी यंत्रणा) चालू ठेवून महाबळेश्वरला जातात, म्हणजे घर रिकामं आहे हे नकाशावर ठिपक्यासकट. पुण्यातला माणूस एमके६८ (नकाशावरच्या चौकोनाचा कोड) एवढंच म्हणाला तरी क्यूएसओ पूर्ण होतो, सोसायटीचं नाव सांगायची गरज नसते. ते आधी आवरा, मग डब्याचं बघू.

गच्चीवरची_तार (पुणे)

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. ॲडॉप्टर काढल्यावर ४० मीटरवरचा नॉइज एस ७ वरून एस ४ वर आला, दोन वर्षं मी शेजाऱ्यांच्या एलईडीला शिव्या देत होतो आणि चोर माझ्याच टेबलावर. जुनी हिस्टरी पुसली, बायकोला शेजारी बसवून तिच्याच हाताने.

डबा सध्या स्वयंपाकघरात गेलाय, खटक्याच्या बटणावर, सांगलीच्या काकांची आयडिया जशीच्या तशी उचलली. ते बटण बायकोच्या ताब्यात. काल संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितलं तर म्हणे जमत नाही, तर तिने पाडलं बटण, तेव्हापासून बंदच आहे. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

ताई, दुसरं घड्याळ मी पण घेतलं. क्वॅगी, क्यूआरझेडवरचा पत्ता काढला, बोलणी बसली तेव्हा उघडून बघितलं तर फ्लॅट नंबरसकट होता. शनिवारी पासोड्या विठोबाच्या तिथे फेराइट शोधायला जातोय, मिक्स ३१ म्हटल्यावर दुकानदार नुसती काळी रिंग हातात देतात, खरी कोणाकडे मिळते कोणाला माहितीये का?