नागपूरहून सेस्ना १७२ घेऊन शनिवार-रविवार मुंबई: कितपत जमेल?

वर्धारोड:
नमस्कार मंडळी. पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) आहे, इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर उडायचं) किंवा नाइट रेटिंग नाही. फ्युएल इंजेक्शनवालं सेस्ना १७२एस वापरायला मिळणार आहे, मालकाची परवानगी आणि विम्यात नाव हे दोन्ही झालं आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी सकाळी सोनेगावहून (नागपूर विमानतळावरून) निघून मुंबई गाठायची आणि रविवारी संध्याकाळपर्यंत परत यायचं, असा विचार आहे. मी धरून चार जण, प्रत्येकाची एक बॅग. मुंबईत लँडिंग-पार्किंग कसं मिळतं, मध्ये इंधनासाठी कुठे उतरावं, कागदपत्रं कोणती? अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगावं, ही विनंती.

धावपट्टी३२:
भाऊ, बेत छान आहे, पण मुंबई सोडा आणि हैदराबादला जा.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे सगळी वाहतूक व्यवहारात एकाच धावपट्टीवर चालते. तुमचं १७२ फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) ६५-७० नॉट्सनी येणार आणि मागचं एअरबस १३५-१४० नी. तुम्हाला आत घ्यायचं तर एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) मागे मोठी मोकळी जागा ठेवावी लागते, शिवाय पुढे गेलेल्या जड विमानाच्या वेक टर्ब्युलन्ससाठी (मागे राहणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी) तुम्हालाही अंतर हवं. म्हणूनच तिथे खासगी विमानांना स्लॉटशिवाय (ठरवून दिलेल्या वेळेशिवाय) प्रवेश नाही आणि गर्दीच्या तासांत तर बंदीच असते. स्लॉट मिळालाच तरी शनिवार रात्रभर पार्किंग मिळेल हे धरून चालू नका. साधारणपणे प्रवासी उतरवा आणि विमान दुसरीकडे न्या, असंच सांगतात. सिंगल इंजिन पिस्टनवाल्याला हे परवडणारं नाही.

जुहूचं नाव कोणीतरी काढेलच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले तेच जुहू. आज तो मुख्यतः हेलिकॉप्टरचा तळ आहे. धावपट्टी जेमतेम ११०० मीटरच्या आसपास आणि मोठा विमानतळ अगदी शेजारी. बाहेरून येणाऱ्या फिक्स्ड विंगने (पंखांच्या विमानाने) आधी लेखी परवानगी हातात असल्याशिवाय तिकडे नाक वळवू नये. अंतराचंही बघा: नागपूर-मुंबई सरळ रेषेत सुमारे ३७० नॉटिकल मैल, म्हणजे १७२ ला साडेतीन तास. त्यात शेवटी सह्याद्री ओलांडायचा आणि खाली किनाऱ्यावरची धुरकट हवा.

हैदराबाद मात्र २२० नॉटिकल मैल, दोन तासांचं काम. उतरायचं बेगमपेठला. २००८ साली शमशाबाद सुरू झाल्यावर नियमित प्रवासी विमानं तिकडे गेली आणि बेगमपेठ खासगी, सरकारी व प्रशिक्षणाच्या विमानांसाठी राहिलं. शिवाय शहराच्या मधोमध, उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटांत हॉटेल.

वाट ओळखायला सोपी आहे. ट्रॅक (दिशा) साधारण १८८ अंश, खाली जवळजवळ सगळीकडे राष्ट्रीय महामार्ग ४४: बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, मग निर्मलचे डोंगर, गोदावरी, आर्मूर, कामारेड्डी. निर्मलजवळ उजवीकडे श्रीरामसागरचं पाणी दिसलं की अर्ध्याहून जास्त रस्ता संपला. जाताना एफएल ६५ (सुमारे ६५०० फूट), येताना एफएल ७५ घ्या, दिशेप्रमाणे उंची ठरवणाऱ्या अर्धवर्तुळाच्या नियमात दोन्ही बसतात.

जपायचं ते शेवटच्या ३० मैलांत. तुम्ही उत्तरेकडून येणार आणि बेगमपेठच्या नेमकं त्याच बाजूला वायुसेनेचं हकीमपेठ आणि दुंडिगलची अकादमी आहे. दोन्हीकडे प्रशिक्षणाची उड्डाणं चालतात. कामारेड्डी सोडल्यावर 'हायवे दिसतोय, सरळ जाऊ' हा विचार धोक्याचा. एटीसी जो मार्ग आणि जी उंची देईल तीच ठेवा. क्लिअरन्स (परवानगी) यायला उशीर झाला तर बाहेरच ऑर्बिट करा (घिरट्या घाला). तेवढं इंधन हाताशी हवं.

मिक्स्चर_लीन:
३२ नी गाव बदललं, मी माणसं कमी करतो. चार जण जमणार नाहीत.

१७२एसचं कमाल टेकऑफ वजन ११५७ किलो. रिकामं वजन तुमच्या वेइंग रिपोर्टमधून घ्या, इथे ७६० धरतो. उरले ३९७. चार जण सरासरी ७८ किलोचे म्हणजे ३१२, बॅगा २० किलो. इंधनाला उरले ६५ किलो, म्हणजे ०.७२ च्या घनतेने ९० लिटर. आता लागतं किती ते बघा. दोन तास क्रूझ (ठरलेल्या उंचीवरचं समतल उड्डाण), ताशी ३६ लिटरने ७२. टॅक्सी आणि क्लाइंबचे ८. पर्यायी विमानतळ आणि थांबवून ठेवलं तर ४० मिनिटांचे २४. त्यावर एक तासाची शिल्लक ३६. झाले १४०. नियमात दिवसाच्या व्हीएफआरला (नजरेने बघून करायच्या उड्डाणाला) अर्ध्या तासाची शिल्लक चालते, पण या वाटेवर मध्ये हक्काने उतरता येईल असं ठिकाण नाही, म्हणून एक तासच ठेवा. ९० आणि १४० मधली तफावत कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही. तिघे जण आणि २० किलो सामान असेल तर टाक्या जवळजवळ पूर्ण भरता येतात.

बॅगा मऊ घ्या, चाकांच्या नकोत. बॅगेज एरियाची मर्यादा दोन्ही कप्पे मिळून ५४ किलो आहे, आणि मागच्या सीटवर माणूस असेल तर सीजीचं (गुरुत्वमध्याचं) गणित कागदावर करा, अंदाजाने नाही.

दुसरं, ३६ लिटर हा आकडा मिक्स्चर लीन केलं (हवेच्या मानाने इंधन कमी केलं) तरच खरा. एफएल ६५ ला फुल रिच ठेवून बसलात तर तासाला आठ-दहा लिटर सहज जास्त जातात, म्हणजे दोन तासांत अर्ध्या तासाची शिल्लक संपली. क्रूझला स्थिरावल्यावर पॉवर सेट करा, ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) बघत लीन करा आणि उंची किंवा पॉवर बदलली की पुन्हा करा. निघण्याआधी टाकीत डिपस्टिक घालून मोजायचं. गेजवर विश्वास ठेवायचा नाही.

आणि खरा प्रश्न परतीचा. वापरता येणारं इंधन २०० लिटर. जाऊन-येऊन १६० लागतात, तासाची शिल्लक धरली की १९६. हे कागदावर बसतं, पण समोरून १५ नॉट्सचा वारा लागला की परतीला १९-२० मिनिटं जास्त, म्हणजे आणखी ११-१२ लिटर. म्हणून बेगमपेठला किमान ६०-७० लिटर अ‍ॅव्हगॅस (पिस्टन इंजिनचं पेट्रोल) घ्यावंच लागेल. हे निघण्याच्या आठवडाभर आधी फोनवर नक्की करा: कोणाकडे, किती, शनिवार-रविवारी भरणारा माणूस असतो का, पैसे कसे घेतात. देशात बहुतेक विमानतळांवर फक्त एटीएफ (जेटचं रॉकेलसारखं इंधन) मिळतं. इंडियन ऑइलने २०२२ पासून १०० एलएल (अ‍ॅव्हगॅसचाच प्रकार) इथेच बनवायला घेतलं, तरी ते प्रत्येक एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागी) पोचलं आहे असं नाही.

भरताना स्वतः विंगपाशी उभे राहा. आता अनेक फ्लाइंग स्कूलमध्ये डायमंडची डिझेल इंजिनं आहेत आणि ती एटीएफवर चालतात, त्यामुळे लहान प्रोपेलरचं विमान बघून एटीएफचा बाउझर (टँकर) पुढे येऊ शकतो. तुमच्या लायकमिंग इंजिनमध्ये ते गेलं तर नळीतलं जुनं अ‍ॅव्हगॅस संपेपर्यंत इंजिन ठीक चालतं आणि टेकऑफनंतर डेटोनेशन (सिलिंडरमध्ये स्फोटक ज्वलन) सुरू होतं. १०० एलएल निळं असतं. मिसळ असेल तर रंग फसवतो, म्हणून पांढऱ्या कागदावर थेंब टाका: अ‍ॅव्हगॅस उडून जातं, एटीएफ तेलकट डाग सोडतं. भरल्यावर थोडं थांबून सगळे तेराही ड्रेन (इंधनातलं पाणी-गाळ काढायच्या झडपा) तपासायचे, नुसते विंगचे नाही.

वर्धारोड:
मनापासून आभार. हैदराबाद, तिघे जण, नक्की. आता कागदपत्रं आणि वेळापत्रक सांगा. आणि सोबतचे दोघं खर्च वाटून घेऊ म्हणतात, ते चालतं का?

फ्लाइटप्लॅन:
आधी पैशांचं. खासगी श्रेणीतलं विमान आणि पीपीएल, दोन्हीत प्रवाशाकडून उड्डाणाचा मोबदला घेता येत नाही. भाड्याने माणसं न्यायची तर नॉन-शेड्यूल्ड परमिट आणि व्यावसायिक लायसन्स लागतं. 'सीटमागे इतके' असा एखादा मेसेज जरी कुठे सापडला तरी तुमचं लायसन्स, विमानाची नोंदणी आणि विमा, तिन्ही अडचणीत येतात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली हीच चौकशी करते. हॉटेल-जेवण त्यांना करू द्या, उड्डाणाचा खर्च तुमचा.

विमानात न्यायचं: नोंदणी प्रमाणपत्र, एअरवर्दीनेस प्रमाणपत्र आणि त्याचं चालू एआरसी (फेरतपासणीचं प्रमाणपत्र), विमा, रेडिओ लायसन्स, फ्लाइट मॅन्युअल, वजनपत्रक, जर्नी लॉग. तुमचं लायसन्स, मेडिकल, रेडिओ टेलिफोनी. एआरसी आणि मेडिकलच्या तारखा रविवारच्या पुढच्या आहेत ना, हे बघा. प्रवाशांची नावं हँडलिंग एजंटला आधी पाठवा आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवायला सांगा. मोबाइलमधल्या फोटोवर गेटवर अडवू शकतात.

फ्लाइट प्लॅन निघण्याच्या किमान एक तास आधी जमा हवा, पण आदल्या संध्याकाळीच करा. सगळ्या वेळा यूटीसीत (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा). सकाळी सव्वासात म्हणजे ०१४५. इथे ०७१५ लिहिलं तर दुपारी पाऊण वाजताचा प्लॅन तयार होतो आणि सकाळी टॉवरला तुम्ही सापडतच नाही. प्लॅन गेला की एडीसी आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर घ्यायचे. एडीसी हे वायुसेनेचं क्लिअरन्स आहे आणि त्याशिवाय इंजिन सुरूच करू नका. ते वेळेशी बांधलेलं असतं. उशीर होणार असं दिसलं तर आधी डिले मेसेज, मग गरजेप्रमाणे नवा नंबर. नागपूर मुंबई एफआयआरमध्ये (उड्डाण माहिती क्षेत्रात), हैदराबाद चेन्नई एफआयआरमध्ये, म्हणजे वाटेत हद्द बदलते. दोन्ही नंबर नीबोर्डवर (मांडीवरच्या पाटीवर) मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रेडिओवर विचारले जातातच. आणि रविवारच्या परतीसाठी हे सगळं पुन्हा नव्याने.

नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) दोन्ही टोकांचे बघा. बेगमपेठचे कामाचे तास खास तपासा. दर दोन वर्षांनी तिथे विंग्ज इंडिया हे विमान प्रदर्शन भरतं, २०२४ मध्ये ते जानेवारीतच होतं, आणि त्या दिवसांत बाहेरच्या विमानांना जागा नसते.

वेळापत्रक मागून लावा. डिसेंबरात नागपूरला सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास. व्हीएफआरला सूर्यास्तानंतर २० मिनिटांची कायदेशीर मुभा असली तरी तुमच्याकडे नाइट रेटिंग नाही, म्हणून साडेचारला चाकं सोनेगावला टेकलेली हवीत. म्हणजे बेगमपेठहून दीडला, फार तर दोनला उड्डाण आणि हॉटेलमधून साडेअकराला बाहेर. सकाळी नागपूरला किंवा हैदराबादला धुकं-धुरकट असतं. दृश्यता ५ किलोमीटर आणि ढगांचा तळ १५०० फूट नसेल तर कंट्रोल झोनमध्ये व्हीएफआर मिळत नाही. मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) बघून आठ-साडेआठला निघायची तयारी ठेवा. सोमवारची सुट्टी मनात धरून ठेवा आणि सोबतच्यांनाही सांगा. रविवारी कोणालातरी घरी पोचायचंच आहे, या दडपणाखाली वाईट हवेत निघण्याचे निर्णय होतात.

सोनेगावकर:
वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टींची भर.

टाय-डाउनचं (विमान बांधून ठेवायचं) सामान स्वतःचं न्या: तीन दोर, चॉक (चाकांचे अडसर), पिटोट (वेगमापक नळीचं) कव्हर, कंट्रोल लॉक. मोठ्या विमानांच्या एप्रनवर जमिनीत कड्या असतीलच असं नाही. शेजारी जेट सुरू झालं तर त्याच्या धक्क्याने १७२ फिरतं, म्हणून पार्किंगची जागा देतानाच जेटच्या मागे उभं करू नका असं मार्शलरला सांगा. तेलाचे दोन क्वार्ट, फनेल आणि फडकं असू द्या.

इंधन भरून तासाभरात पुन्हा सुरू करणार असाल तर गरम इंजिनची पद्धत वापरा. काउलिंगखाली उष्णता साठते, इंजिनवरच्या बारीक नळ्यांत पेट्रोलची वाफ होते आणि थंड इंजिनसारखं प्राइम केलं (आधी इंधन सोडलं) तर फ्लड होतं (इंधन जास्त होतं). प्राइम नाही. मिक्स्चर आयडल कट-ऑफ (इंधन बंद), थ्रॉटल पाव इंच, स्टार्टर, आणि इंजिनने पकडलं की मिक्स्चर सावकाश पुढे. स्टार्टर एका वेळी १० सेकंदच, मग २० सेकंद विश्रांती. असं तीनदा होऊनही जमलं नाही तर १० मिनिटं थांबा. लोक इथेच घाई करतात आणि बॅटरी उतरवून बसतात, मग रविवारी दुपारी ग्राउंड पॉवर शोधत फिरावं लागतं.

वर्धारोड:
शेवटचा प्रश्न. जानेवारीत नाही जमलं तर मे महिन्यात चालेल का?

मिक्स्चर_लीन:
चालेल, पण सकाळीच. गणित करून बघा. सोनेगावची उंची १०३३ फूट. मेमध्ये क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) १००३ असेल तर प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून निघणारी उंची) सुमारे १३०० फूट. तिथे आयएसए (प्रमाण वातावरणाचं) तापमान साडेबारा अंश, प्रत्यक्षात दुपारी ४३. फरक ३० अंश, अंशाला १२० फूट, म्हणजे आणखी ३६०० च्या वर. डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) जवळपास ५००० फूट. ३२०० मीटरची धावपट्टी असल्यामुळे जमीन सुटण्याची चिंता नाही, पण पूर्ण वजनाने क्लाइंब मंद होतो, नाक वर ठेवून चढलं की सिलिंडर हेड तापतं, आणि अकरानंतर थर्मल्समुळे (वर चढणाऱ्या तापल्या हवेमुळे) मागे बसलेला माणूस हिंदकळून उलट्या करतो. दुपारनंतर चंद्रपूर-आदिलाबाद भागात वळवाचे ढग उभे राहतात. ते चुकवायला वळसा घ्याल तर वर काढलेलं इंधनाचं गणित नव्याने मांडावं लागेल. मेमध्ये परतीची वेळही सकाळचीच ठेवा: रविवारी साडेसहाला बेगमपेठहून उड्डाण, नऊच्या आत सोनेगाव. तिथलं टॉवर रविवारी किती वाजता उघडतं, हे आधी विचारून घ्या. जूनचा पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत व्हीएफआरवाल्याने ही वाट धरू नये.